तार आणि तिसरं कडवं

पहारेचा पहिला घाव मी रवळूकाकाच्या रानात घातला आणि दुसरा घालायच्या आत काका हातात विळा घेऊन समोर उभा राहिला.

"कुणाच्या हुकमानं मोजणी चाललीया ही?"

"मोजणी न्हाई काका. तार घालतोय. रेडिओची."

"खुंटा माझ्या रानात, दोरी माझ्या रानात, आनि मोजणी न्हाई? मी काय काल जलमलोय?"

त्याचं चुकत नव्हतं. आमच्या परड्यातून उत्तरेला दोरी ताणलेली, दर पन्नास फुटांवर एक बांबू, आणि ती बांध ओलांडून नेमकी त्याच्या गोठ्यामागं येऊन थांबलेली. आमच्या धामणवाडीत इतकी सरळ दोरी फक्त मोजणीवालेच धरतात. बघता बघता बांधावर दहाबारा माणसं जमली. भाऊबंदांची मोजणी म्हणजे फुकटचा तमाशा. त्याला लोक हातातलं काम टाकून येतात. एका म्हाताऱ्यानं तर "दोरी डाव्या अंगाला ढळलीया" असा निवाडासुद्धा देऊन टाकला. कुणाच्या बाजूनं दिला, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या जानेवारीतली. मी तेवीस वर्षांचा होतो, गडहिंग्लजला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचा कोर्स करून आलो होतो आणि जगातला प्रत्येक बिघाड मला कळतो अशा समजुतीत होतो. आबा, म्हणजे माझे वडील सटुप्पा, आणि त्यांचा धाकटा भाऊ रवळूकाका यांच्यात अकरा वर्षं बोलणं नव्हतं. कारण अडीच गुंठ्यांचा बांध आणि त्याच्यावरचं एक जांभळाचं झाड. गडहिंग्लजच्या कोर्टात दावा चालू होता. त्या झाडाची जांभळं अकरा वर्षं पाखरांनी खाल्ली.

पण खरा सल त्याहून जुना होता. दोघे भाऊ शाहीर होते. आमच्याकडच्या भेदिक शाहिरीत एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा. थोरला सवाल टाकी, धाकटा जवाब देई. बासष्ट साली दोघांना पुण्याच्या रेडिओ केंद्रावर बोलावणं आलं. आमच्या आजोबांनी बांधलेली तीन कडव्यांची लावणी त्यांनी तिथं गाऊन ध्वनिमुद्रित केली. गावात तेव्हा रेडिओ नव्हता. त्यामुळं तिथं काय झालं हे गावाला कळलं ते आबांच्या तोंडून.

"मी डोळ्यांचा सवाल टाकला," आबा सांगायचे. "दोन सख्खं भाऊ, मधी एकच बांध, जलमभर गाठ न्हाई, सांगा कोन? शेंबडं पोर सांगंल. आनि आमचा रवळू जवाब देतोय मधाच्या पोळ्याचा!"

झालं. गावाला एक म्हण मिळाली. कुणी तलाठ्याकडं उतारा मागायला गेला आणि दाखला घेऊन आला की लोक म्हणत, "डोळ्यात मध घालून आलास व्हय?" रवळूकाका रस्त्यानं चालला की पोरं मागून ओरडत, "काका, डोळ्यात मध!" काकानं डफ माळ्यावर टाकला तो टाकलाच. तो कधी कुणाला उलट बोलला नाही, आणि न बोलणाऱ्याची चूक असतेच असं गाव धरून चालतं. मीसुद्धा तसंच धरून चाललो होतो. शाळेत ही गोष्ट सर्वांत रंगवून सांगणारा मीच होतो.

आणि आता चोवीस वर्षांनी पुण्याच्या केंद्राकडून एक पोस्टकार्ड आलं होतं. जुन्या ध्वनिमुद्रणांच्या कार्यक्रमात आपली लावणी अमुक रविवारी सकाळी साडेसातला लावत आहोत, असं त्यात लिहिलं होतं. कार्ड एक आणि पत्त्यावर नावं दोन. पोस्टमन बिचारा नवीन होता. ते कुणाच्या घरात टाकावं हे त्याला कळेना, म्हणून त्यानं बांधावर उभं राहून मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि कार्ड जांभळाच्या ढोलीत ठेवून सायकलवर टांग मारली. पुढं ते ढोलीतच राहिलं. उचललं असतं तर झाडावर हक्क सांगितल्यासारखं झालं असतं, किंवा सोडल्यासारखं. वकिलाला विचारल्याशिवाय हात कोण लावणार?

मी मात्र हरखून गेलो. काकाची फजिती आता रेडिओवर ऐकायला मिळणार होती. अडचण एकच होती. पुणं आमच्यापासून दीडपावणेदोनशे मैल, आवाज मुळातच बारीक, आणि आमच्या घरामागं अंतूची पिठाची गिरणी. वीज सकाळी सहा ते दहा, म्हणून गिरणीही सकाळी सहा ते दहा. ती सुरू झाली की रेडिओतून खर्रर्र असा आवाज येई आणि त्यात पुणं, सांगली, मुंबई सगळं दळून निघे. अंतूला म्हटलं, अर्धा तास बंद ठेव. तो म्हणाला, "बाजाराच्या आदल्या दिवशी? तुझ्या काकाच्या फजितीपायी गावाला उपाशी ठेवू?" मी छपरावर उंच तार बांधून पाहिली. गिरणी जास्तच खणखणीत ऐकू यायला लागली.

शेवटी मी गडहिंग्लजला सुभेदार खोराट्यांकडं गेलो. ते फौजेत सिग्नल खात्यात वायरलेसवर होते, निवृत्त झाल्यावर पपया लावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उंच तार चव्हाट्यावरच्या माणसासारखी. ती सगळ्यांचं ऐकते. तुला एकाचंच ऐकणारी तार पाहिजे. लांब घाल आणि बुटकी घाल. छातीएवढ्या उंचीवर, सहाशे फूट, सरळ पुण्याच्या दिशेनं. घराकडच्या टोकाला रेडिओ. लांबच्या टोकाला हा तुकडा."

त्यांनी माझ्या तळहातावर एक रेझिस्टर ठेवला. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, अंगावर रंगीत पट्टे.

"ह्याचं एक टोक तारेला, दुसरं जमिनीत ठोकलेल्या नळीला. हा आहे तोवर तार पुढचं ऐकेल आणि मागचं सोडून देईल. तुझी गिरणी मागं आहे ना? ती ह्या तुकड्यात जिरेल. हा काढलास, की तार दोन्ही बाजूंचं ऐकणार, आणि मग गिरणीच ऐक."

त्यांनी मला होकायंत्र दिलं, एक पपई दिली आणि ट्रान्झिस्टर वापरू नकोस म्हणून बजावलं. त्याच्या पोटात स्वतःची अँटेना असते, तिला गप्प करता येत नाही. आमच्याकडं आजोबांनी पुढं म्हातारपणी घेतलेला वॉल्व्हचा जुना रेडिओ होता. बाहेरची तार जोडल्याशिवाय तो मुकाच. तो मी पुसून काढला, सुभेदारांनी सांगितल्याप्रमाणं लांब तार रेडिओशी जुळवायला एका रिंगेवर तारेचे वेढे घातले, आणि होकायंत्र घेऊन परड्यात उभा राहिलो. आमचं रान उत्तरेला साडेतीनशे फुटांवर संपत होतं. उरलेले अडीचशे फूट रवळूकाकाच्या रानातले.

म्हणून मी काकाच्या रानात पहार घेऊन उभा होतो, आणि काका विळा घेऊन.

मी त्याला पुण्याचं सांगितलं. पोस्टमन बोंबलला होता, त्यामुळं ते त्याला माहीत होतंच. त्यानं विळा काखेत घातला.

"सगळं लावनार हायत?"

"सगळं."

"तिसरं कडवं बी?"

"तीनच तर हायत काका. तिन्ही लावतील."

काका जांभळाच्या ढोलीकडं बघू लागला. मला वाटलं, आता हाकलतोय.

"घाल तार," तो म्हणाला. "पर लिहून दे. उद्या म्हनाल, आमची तार हिथं हुती, म्हंजे रान आमचं."

आमच्या घराण्यात पाणीसुद्धा लिहून मागायची पद्धत आहे, तेव्हा ते मला वावगं वाटलं नाही. पंचाईत पुढं होती. 'रवळू यांच्या रानातून तार नेत आहे' असं लिहिलं तर आबा कबूल होणार नाहीत, कारण त्यातल्या बांधाचं रान कुणाचं हाच तर दावा. 'सटुप्पा यांच्या रानातून' लिहिलं तर काका विळा पुन्हा हातात घेणार. मी तासभर बांधावर बसून डोकं खाजवलं आणि लिहिलं: 'सदर जमीन ज्याची असेल त्याच्या परवानगीने, ज्याची नसेल त्याची हरकत न घेता, मी सुभाना सटुप्पा ही तार घालत आहे.' काकानं तो कागद दोनदा वाचला, घडी घालून मुंडाशात ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडं जरा आदरानं बघितलं. पुढं त्याच्या वकिलानं तो कागद बघून मला कारकुनाची नोकरी देऊ केली होती.

काका तयार झाला, पण आबांचं काही कळेना. जो माणूस चोवीस वर्षं ही गोष्ट चवीनं सांगत आला, तो पोस्टकार्ड आल्यापासून तिचं नाव काढेना. मी बांबू मागितले तर म्हणाले, "बांबू दोडक्याच्या मांडवाला पायजेत." नळी जमिनीशी नीट जोडली जावी म्हणून तिच्याभोवती मिठाचं पाणी घालायचं म्हटलं तर म्हणाले, "मिठानं रान नासतं. दोन टोकांची दोन रानं नासतील. पाप लागंल." एवढं रान नासत असतं तर कोकणात काही उगवलंच नसतं, असं आई म्हणाली. तेव्हा त्यांनी दुसरा रस्ता धरला.

"सुभाना, काय ठेवलंय त्या जुन्या गान्यात? तवा आवाज बी बसला हुता माझा."

"आबा, आख्खं गाव ऐकनार हाय. देवळातला कर्णा मागितलाय मी."

"कर्णा?" आबांच्या हातातली तंबाखू खाली सांडली. "कर्णा कशाला?"

"काकाची फजिती सगळ्यांना ऐकू नको यायला?"

आबा सांडलेली तंबाखू वेचू लागले. शुक्रवारी त्यांना ताप आला. आईनं काढा दिला. मी म्हटलं, आनंदानं सुद्धा ताप येतो. मूर्खपणाला वय नसतं म्हणतात, पण तेविसाव्या वर्षी तो फार जोरात असतो.

तार मात्र झकास झाली. शनिवारी सकाळी गिरणी धडधडत असताना मी रेडिओ लावला आणि त्यातून एक बाई अगदी शांतपणे फळझाडांवरच्या किडीबद्दल बोलू लागली. गिरणी मागं कुठंतरी भुणभुणत होती, बस. मला सुभेदारांचे पाय धरावेसे वाटले. पण पाच मिनिटं झाली नाहीत तोच खर्रर्र! बाई गेली, कीड गेली, नुसती गिरणी उरली. मी तारेच्या कडेनं पळत सुटलो. शेवटच्या बांबूला काकाची म्हैस सुखानं पाठ घासत उभी होती आणि रेझिस्टरचा पाय तारेतून सुटला होता.

काका गोठ्यातून बाहेर आला. मी तुकडा पुन्हा जोडत होतो, तो वाकून बघू लागला.

"एवढासाच तुकडा?"

"एवढासाच. ह्यो सुटला की पुणं गेलं. मग नुसती अंतूची गिरणी ऐकायची."

"आनि घरातला रेडिओ चालू असला तरी?"

"तरी. सगळं ह्याच्यावर हाय."

"असं व्हय," काका म्हणाला आणि म्हशीला घेऊन गेला. तिला त्यानं त्या दिवशी लांब, चिंचेखाली बांधली. उद्या तारेला काही होऊ नये म्हणून काका एवढी काळजी घेतोय याचं मला हसू आलं. बैल स्वतः होऊन खाटकाच्या दाराशी आलाय, असंही काहीतरी मी आईला म्हणालो. आईनं माझ्याकडं नीट बघितलं आणि भाकरी थापत राहिली.

रविवारी सात वाजताच आमच्या अंगणात जत्रा भरली. दीडदोनशे माणूस असेल. कर्णा छपरावर, तोंड गावाकडं. अंतूची गिरणी चालूच होती. पोरगं बसवून तो स्वतः मात्र पहिल्या रांगेत आला होता. आबा घोंगडं पांघरून रेडिओजवळ बसले होते. काकाला मी बोलावणं धाडलं होतं, पण तो बांध ओलांडून येणार नव्हता. तिकडं सहाशे फुटांवर, गोठ्यामागं, शेवटच्या बांबूपाशी त्याचं पांढरं मुंडासं दिसत होतं. कर्ण्याचा आवाज तिथवर नक्की जात होता.

साडेसातला निवेदिकेनं दोघांची नावं घेतली. आमच्या गावाचं नावही घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग डफावर थाप पडली, तुणतुणं वाजलं आणि आबांचा आवाज आला. अठ्ठावीस वर्षांचा आवाज, करकरीत, नव्या चामड्याच्या वहाणेसारखा. त्याच्या पाठोपाठ काकाचा, जरा पातळ, पण गोड. मी काकाला गाताना जन्मात ऐकलं नव्हतं. पहिल्या कडव्यात नांगराचा सवाल आणि नांगराचाच जवाब. काका असा गात होता की अंतूसुद्धा हळूच म्हणाला, "च्यायला, आवाज हाय बरं का रवळूला."

मग दुसरं कडवं. आबांनी सवाल टाकला: दोन सख्खे भाऊ, मध्ये एकच बांध, जन्मभर गाठ नाही, सांगा कोण? तुणतुणं थांबलं. सगळं अंगण पुढं झुकलं. आणि काकाचा तरणा आवाज मोठ्या विश्वासानं गाऊ लागला: बिनदाराचं घर, आत हजार पोरं, गोडाचं कोठार, ते मधाचं पोळं!

घराचं छप्पर उडायचं तेवढं राहिलं. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. पोरं तालात ओरडत होती, "डोळ्यात मध! डोळ्यात मध!" मीही ओरडलो. चोवीस वर्षांची गोष्ट शब्द न् शब्द खरी ठरली होती. मी अभिमानानं आबांकडं बघितलं.

आबा हसत नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते रेडिओच्या बटणाकडं बघत होते.

"सुभाना, बंद कर ते."

"आत्ता तर मजा आलीया आबा!"

"बंद कर म्हनतो न्हवं. झालं आता. ऐकलं सगळ्यांनी."

"अजून तिसरं कडवं हाय."

आबांनी डोळे मिटून घेतले. कर्ण्यातून तिसऱ्या कडव्याचं तुणतुणं सुरू झालं, डफावर थाप पडली, आबांच्या तरण्या आवाजानं सवालासाठी श्वास घेतला...

खर्रर्र!

गिरणी. नुसती गिरणी. सगळ्या गावाला कर्ण्यावरून अंतूची गिरणी ऐकू आली. लोकांनी कान झाकले. मी तारेच्या कडेनं जो सुटलो तो बांधापलीकडं, शेवटच्या बांबूपाशीच थांबलो. म्हैस चिंचेखालीच होती. काका उभा होता आणि रेझिस्टर त्याच्या चिमटीत होता.

"काका, दे तो तुकडा!"

"न्हाई."

"लोक हसलं म्हनून सगळ्या गावाचं गानं बंद पाडायचं व्हय?"

"व्हय. राग आला. जा, सांग गावाला."

मी त्याचा हात धरणार एवढ्यात मागं पावलं वाजली. आबा येत होते. घोंगडं खांद्यावरून लोंबत होतं, ताप अंगात होता, आणि जांभळाखालून ते सरळ बांध ओलांडून आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. त्यांच्या मागून आलेलं सगळं गाव बांधावरच थांबलं. दुसऱ्याच्या भाऊबंदकीत आमचं गाव बांधापर्यंतच येतं.

"रवळू," आबा म्हणाले. "म्हस घासली काय रं तारंला?"

काकाला एक सबब देत होते ते. हातात आयती आणून ठेवली होती.

"म्हस चिचंखाली हाय," काका म्हणाला.

आबा खाली ढेकळांतच बसले. काकाही जरा वेळानं बसला. दोघांच्या मध्ये ती जमिनीत ठोकलेली नळी, आणि मी उभा.

"आता तिसरं चालू आसंल," आबा म्हणाले.

"आसंल."

"त्यात मी पुन्यांदा डोळ्यांचाच सवाल टाकलाय."

"मला काय सांगतोस? मी शेजारीच हुतो की."

मला कळायला वेळ लागला. आजोबांच्या लावणीत दुसरा सवाल मधाच्या पोळ्याचा होता, डोळ्यांचा तिसरा. पुण्यात तो काचेचा बंद खोका आणि लाल दिवा बघून आबा गडबडले आणि दुसरा सोडून तिसऱ्यावर उडी मारून बसले. काकानं ठरल्याप्रमाणं दुसऱ्याचाच जवाब दिला. मग तिसऱ्या जागी आबांनी डोळ्यांचा सवाल पुन्हा टाकला, आणि काकानं त्याचाही बरोबर जवाब दिला. तिसरं कडवं ज्यानं ऐकलं, त्याला कोण चुकलं हे सांगायची गरजच नव्हती. आबा घरी येऊन खोटं बोलले नव्हते. फक्त अर्ध्यावर थांबले होते.

"ह्याच्यासाठीच तार घालू दिलीस न्हवं?" आबांनी विचारलं.

"व्हय की. नाहीतर तुझ्या पोराला रानात खुंटा मारू दिला असता व्हय मी?"

"मग? एका मिनिटाचा सवाल हुता रवळू. कशाला काढलास?"

काकानं तो दाण्याएवढा तुकडा तळहातावर घोळवला.

"ते हसलं न्हवं आत्ता? हितवर ऐकू आलं. तवा माझ्या ध्यानात आलं, आता एका मिनिटात ह्यो सगळा आवाज दादाकडं वळनार. मला सवय हाय. चोवीस वर्सं खाल्लंय मी ते हसनं, पचतंय मला. तू नुसत्या कार्डानं ताप आनून बसलास. तुला काय पचनार?"

आबांनी तोंडावर घोंगडं घेतलं. माझा बाप रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की शाळेत ही गोष्ट ज्यांना ज्यांना सांगितली त्या सगळ्यांच्या घरी जाऊन ती परत मागून आणावी असं वाटलं. बापाला गावासमोर उघडं पाडायला सहाशे फूट तार मीच घातली होती, दर पन्नास फुटांवर बांबू लावून.

"जोड तो तुकडा," आबा शेवटी म्हणाले. "ऐकू दे गावाला."

काकानं तुकडा मला दिला. मी तो जोडला. गिरणी गेली, कर्णा स्वच्छ झाला, आणि त्यातून एक गृहस्थ सगळ्या धामणवाडीला खणखणीत आवाजात सांगू लागले की गुळाची आवक कमी असून भाव तेजीत आहे.

काका आधी हसला. मग आबा. मग दोघं ढेकळांत बसून इतके हसले की बांधावरच्या लोकांना वाटलं, तापानं थोरल्याच्या डोक्यावर परिणाम झाला. काकी गोठ्याच्या दारातून बघत होती. ती आत गेली आणि चहाचे दोन कप घेऊन आली. आमच्या घरातल्या माणसानं त्या घरातला चहा अकरा वर्षांत घेतला नव्हता. तिनं न लिहून घेता दिला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण दावा काही मिटला नाही. तो वकिलांच्या हातात होता, आणि त्यांचं आपसांत काही भांडण नव्हतं. फक्त तारखेला दोघं भाऊ एकाच एसटीनं जाऊ लागले. जाताना एका डब्यातली भाकरी खात, कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहत आणि येताना जांभळं कुणाच्या पोत्यात भरायची यावर भांडत.

आणि आबांनी सगळ्यांना खरं सांगायला घेतलं. दुसऱ्याच दिवशी देवळाच्या कट्ट्यावर उभे राहून म्हणाले, "मंडळी, पुन्यात चूक माझी हुती. मी सवाल चुकलो. रवळू बरोबर हुता."

मग अंतूनं डोळे पुसले.

"असा थोरला भाऊ पायजे," तो म्हणाला. "आपल्या कानांनी ऐकलं की आम्ही, डोळ्याचा सवाल आनि मधाचा जवाब. वर धाकट्यानं रागानं तार उपटली. तरी बी सगळं आपल्या पदरात घेतोय!"

"अरं, तिसरं कडवं तुमी ऐकलंच न्हाई!"

"ऱ्हाऊ दे सटुप्पा. कळतंय आमाला."

आबा जितकं समजावून सांगत, तितक्या भक्तीनं लोक माना डोलावत. पुढच्या वर्षी सोसायटीच्या चेअरमनपदी आबांची बिनविरोध निवड झाली. भाषणात त्यांनी पुन्हा तेच सांगितलं; लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुण्याला लिहून ध्वनिमुद्रणाची प्रत मागवावी असं मी म्हणालो, तर काकानं मला त्या विळ्याची आठवण करून दिली. आबा त्यानंतर अकरा वर्षं जगले आणि अकरा वर्षं खरं बोलत राहिले. कुणी एकानंसुद्धा विश्वास ठेवला नाही.

शेवटच्या वर्षीच्या भैरोबाच्या जत्रेतलं मला आठवतं. दोघं जांभळाखाली बसले होते, मध्ये काकानं माळ्यावरून काढलेला तो डफ. मुंबईहून आलेला कुणी पाहुणा गाठून आबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं: चूक माझी होती, सवाल मी चुकलो. पाहुण्यानं सगळं ऐकलं, भारावून आबांच्या पाया पडला आणि जाता जाता काकाकडं बघून गालातल्या गालात हसला.

काकानं डफ उचलून मांडीवर घेतला.

"दादा, आता गप ऱ्हा," तो म्हणाला. "तू जेवढं खरं बोलतोस, तेवढा तू मोठा हुतोस आनि मी खुळा. चल, टाक सवाल. आनि ह्या टायमाला दुसरं कडवं तिसऱ्याच्या आधी घे."